चोरपावलांचे बूट

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

शाळेत असताना दर शनिवारी सकाळी आमची पीटी असायची. पांढरा शर्ट, पांढरी पँट आणि पांढरे कॅनव्हासचे बूट. शुक्रवारी रात्री त्या बुटांना सफेदा लावून ते गॅलरीत वाळत ठेवायचे आणि विसरलंच तर शनिवारी वर्गातला खडू घासून वेळ मारून न्यायची, हे माझ्या पिढीच्या श्रोत्यांना वेगळं सांगायला नको. सातवीत असताना मी बुटाच्या रबरी कडेवर निळ्या बॉलपेनने एक रेघ ओढली. रांगेतल्या तीस-चाळीस पांढऱ्या जोडांमधला माझा कुठला, ते लांबून कळावं एवढाच हेतू होता. ते पीटीच्या सरांनाही लांबून कळलं. मैदानाला तीन फेऱ्या मारून झाल्यावर सरांनी ती रेघ माझ्याकडूनच पुसून घेतली.

पुढे मी उपयोजित कलेचं शिक्षण घेतलं आणि ग्राफिक डिझायनर झालो. म्हणजे नेमकं काय करतोस, असं माझी मावशी अजून विचारते. मसाल्याची पाकिटं, बिस्किटांचे पुडे, औषधांची खोकी यांच्यावर काय दिसावं, ते मी ठरवतो. खरं म्हणजे मी सुचवतो, ठरवतात दुसरेच. ‘लोगो जरा मोठा करा’ हे वाक्य मी आयुष्यात किती वेळा ऐकलं असेल, त्याचा हिशेब नाही. तक्रार नाही, पोट त्यावरच चालतं. पण दिवसभर दुसऱ्यांच्या मनासारखं काढल्यावर रात्री तासभर तरी आपल्या मनासारखं काढावंसं वाटतं. माझा तो तास बुटांचा असतो.

डोंबिवलीच्या फलाटावर गाडीची वाट बघताना मी लोकांच्या पायांतले बूट वहीत उतरवतो. अशा अकरा वह्या भरल्या आहेत. एका पानावर एक बूट आणि खाली एक ओळ. टाच बाहेरच्या बाजूने झिजलेली. एक नाडी पांढरी, दुसरी काळी. अंगठ्याजवळ गटई कामगाराने घातलेले सात टाके. शिवाय मी बूट रंगवतो आणि थोडेफार जमवतोही. या छंदाला जगभर मोठं गणगोत आहे आणि त्यात माझ्या व्यवसायातली माणसं पुष्कळ आहेत. ती का आहेत, ते आज सांगायचं आहे.

ज्या बुटांबद्दल मी बोलतोय, त्यांना स्नीकर म्हणतात. इंग्रजीत चोरपावलांनी जाण्याला जो शब्द आहे, त्यावरून हे नाव पडलं. कातड्याच्या तळाचे बूट टॉक टॉक वाजत, रबरी तळाचे वाजत नसत. चार्ल्स गुडइयर या अमेरिकन माणसाला 1839 साली गंधक आणि उष्णता वापरून रबर टिकाऊ करण्याची युक्ती सापडली. त्याआधीचं रबर उन्हाळ्यात चिकट व्हायचं आणि थंडीत तडकायचं. ही अडचण गेल्यावर रबरी तळाला वर कापड जोडून बूट करणं शक्य झालं. अमेरिकेत 1916 मध्ये केड्स आले, 1917 मध्ये कॉन्व्हर्सचा ऑल स्टार. आपल्याकडे बाटाने 1930च्या दशकात कोलकात्याजवळ बाटानगर वसवलं आणि तिथून निघालेले कॅनव्हासचे बूट देशभरच्या शाळांत पोचले. आमचे पीटीचे बूट याच घराण्यातले.

आता डिझायनरांकडे येतो. बुटाची बाजू म्हणजे जेमतेम वीतभर जागा, तीही वाकडी आणि सतत हलणारी. तिथे अशी खूण हवी, की धावणाऱ्याच्या पायातही ती ओळखू यावी. 1971 साली अमेरिकेतल्या पोर्टलंड शहरात कॅरोलिन डेव्हिडसन नावाची विद्यार्थिनी ग्राफिक डिझाइन शिकत होती. तिच्याच विद्यापीठात फिल नाइट हे गृहस्थ हिशेब शिकवत आणि जोडीला बुटांचा धंदा करत. तैलरंगाचं सामान परवडत नाही, असं ती कुणालातरी सांगत असताना त्यांच्या कानावर पडलं आणि त्यांनी तिला तासाला दोन डॉलर दराने किरकोळ कामं द्यायला सुरुवात केली. त्यांतलंच एक काम म्हणजे नव्या बुटासाठी खूण. तिने दिलेल्या नमुन्यांपैकी एकही नाइटना फारसा आवडला नव्हता. वेळ नव्हता म्हणून त्यांनी त्यातल्या त्यात एक निवडला. बिल झालं 35 डॉलर. आज नाइकीच्या बुटांवर दिसते, ती हीच खूण. कंपनीने 1983 मध्ये तिला हिरा बसवलेली, त्याच खुणेची अंगठी आणि काही शेअर दिले, हेही सांगायला हवं. पण आम्हा डिझायनर मंडळींत गोष्ट सांगितली जाते ती 35 डॉलरचीच. बिल लावताना आमचा हात का थरथरतो, ते त्यावरून कळावं.

मायकेल जॉर्डन या बास्केटबॉलपटूच्या नावाने 1985 साली जे बूट बाजारात आले, ते आखणारे पीटर मूर हेही मुळात ग्राफिक डिझायनर. विमानात एका लहान मुलाला मिळालेला पंखांचा बिल्ला त्यांनी पाहिला आणि तिथल्याच हातरुमालाएवढ्या कागदावर पंख लावलेला चेंडू काढला. तो बुटाच्या घोट्यावर बसला. हे बूट 65 डॉलरला विकले जात. त्याच सुमारास तिथल्या बास्केटबॉल संघटनेने लाल-काळ्या बुटांना हरकत घेतली आणि कंपनीने त्या हरकतीचीच जाहिरात करून टाकली. त्यानंतर बूट हा खेळाच्या सामानातून उठून तरुणांच्या कपाटात गेला, असं म्हणायला हरकत नाही.

मला मात्र सगळ्यात जवळचा वाटतो तो जेफ स्टेपल. न्यूयॉर्कमध्ये डिझाइन शिकताना त्याने कॉलेजच्या छपाईखान्यात स्वतःसाठी टी-शर्ट छापले. लोक विचारू लागले, तेव्हा 1997च्या सुमारास त्यातून त्याचा व्यवसाय उभा राहिला. छंद तो असा. पुढे नाइकीने त्याला न्यूयॉर्क शहरावर एक बूट करायला सांगितला. न्यूयॉर्क म्हटल्यावर कुणीही उंच इमारती काढल्या असत्या, नाहीतर स्वातंत्र्यदेवीचा पुतळा. स्टेपलने काढलं कबूतर. पिसांसारखा करडा बूट, पायांसारखा नारिंगी तळ आणि टाचेवर भरतकामातलं छोटंसं कबूतर. रस्त्यावरचा, कुणालाही नको असलेला, तरी कुणालाही न घाबरणारा पक्षी. बूट केले फक्त दीडशे जोड. 22 फेब्रुवारी 2005 रोजी त्यांतले काही त्याच्या दुकानात विकायला निघणार होते. लोक कडाक्याच्या थंडीत काही दिवस आधीपासूनच रस्त्यावर मुक्कामाला आले. धक्काबुक्की झाली, पोलीस आले आणि बूट घेतलेल्यांना लुटारूंपासून वाचवत टॅक्सीत बसवून द्यावं लागलं. दुसऱ्या दिवशी ही बातमी वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर होती. तोपर्यंत ठरावीक वर्तुळातच असलेला हा छंद त्या दिवशी सगळ्या अमेरिकेला कळला. बूट घ्यायचे आणि घरी न नेता दामदुपटीने विकायचे, हा उद्योगही त्यानंतर फोफावला. त्याचं मला कौतुक नाही. मला कौतुक कबुतराचं.

माझ्या आईला यातलं काहीच पटत नाही. पायताण उंबऱ्याबाहेर राहावं, हा तिचा नियम. मी चार जोड कपाटात ठेवले, तेव्हा ती म्हणाली, “आता हळदकुंकू वाहा त्यांना.” पण वापरायचे नाहीत आणि नुसते ठेवायचे, याची शिक्षा मला एकदा चांगलीच मिळाली. एका ओळखीच्या संग्राहकाकडून मी जुना जोड घेतला होता. जुना म्हणजे न वापरलेला, दहा-बारा वर्षं खोक्यातच असलेला. ठाण्याला एका लग्नात तो पहिल्यांदा घातला. हॉलमधून मंचापर्यंत गेलो आणि मागे वळून पाहिलं, तर गालिच्यावर खारी बिस्किटाचा असावा तसा चुरा. अशा बुटांच्या मधल्या थरात पुष्कळदा पॉलियुरेथेनचा फेस असतो आणि हवेतली वाफ त्याची घट्ट साखळी हळूहळू तोडत राहते. मुंबईच्या दमट हवेत तर विचारायलाच नको. स्टेशनबाहेरच्या गटई स्टॉलवर मी तो जोड घेऊन गेलो. तिथल्या मामांनी बोटाने तळ दाबला, चुरा झटकला आणि म्हणाले, “साहेब, सोल्युशन लावायला आधी सोल लागतो.”

रंगवण्याचं तंत्र सोपं, पण चिकाटीचं आहे. कातडी बूट असेल, तर कारखान्यातला चकचकीत थर आधी अ‍ॅसिटोनने पुसून काढायचा, नाहीतर रंग धरत नाही. मग अ‍ॅक्रिलिक रंगाचे अगदी पातळ हात द्यायचे, एक वाळला की दुसरा. घाई करून जाड थर दिला, तर बूट जिथे दुमडतो तिथे तो तडकतो. कॅनव्हास असेल, तर रंगात कापडासाठीचं द्रावण मिसळून शेवटी गरम हवेने तो पक्का करायचा. मित्रांचे दोन-तीन जोड रंगवले आणि ऑर्डरी येऊ लागल्या. सहा महिने मी त्या घेतल्या. सातव्या महिन्यात एक गिऱ्हाईक म्हणालं, “नाव जरा मोठं करा.” त्या दिवसापासून ऑर्डरी बंद. आता रंगवतो ते फुकट आणि मला वाटेल तेव्हाच.

आमच्या इमारतीखाली इस्त्रीचं दुकान आहे. त्यांचा मुलगा तेरा वर्षांचा. गेल्या वर्षी तो नवे पांढरे बूट घेऊन वर आला. रस्त्यावरच्या बाजारातले, कुठलीच खूण नसलेले. म्हणाला, “काका, यावर ती बरोबरची खूण काढून द्या ना.” बाई वहीत करतात ती बरोबरची खूण. मी नाही म्हणालो. दुसऱ्याची खूण काढून बूट खपवणं गुन्हा आहे, अमेरिकेत 2021 साली एका कंपनीने नाइकीचेच 666 जोड विकत घेऊन, त्यांच्यात फेरफार करून विकले, तेव्हाही नाइकीने कोर्टात खेचलं आणि ते बूट परत मागवायला लावले, वगैरे सगळं सांगितलं. तो म्हणाला, “पण मी कुठे विकतोय?” मग मी कॅरोलिनची गोष्ट सांगितली. खुणेमागे माणूस असतो, हे त्याला कळावं म्हणून. त्याने लक्ष देऊन ऐकली आणि विचारलं, “म्हणजे खूण त्या बाईंनी काढली, पैसे पस्तीस डॉलर दिले आणि आता ती कंपनीची?” मी हो म्हणालो. “मग तुम्ही कुणाची बाजू घेताय?”

याचं उत्तर माझ्याकडे तयार नव्हतं. 2025च्या जूनमध्ये मिलानच्या एका फॅशन शोमध्ये प्राडाने कोल्हापुरीसारख्या चपला कोल्हापूरचं नावही न घेता दाखवल्या, तेव्हा आम्ही डिझायनर किती तावातावाने बोललो होतो. इथे मात्र मी कंपनीचा वकील झालो होतो. म्हणून मी त्याला म्हटलं, आपण तुझी स्वतःची खूण करू. मला कबूतर आठवलं. रोजच्या डोळ्यांसमोरची साधी गोष्ट घ्यायची आणि तिला मान द्यायचा. पाच मिनिटांत मी कागदावर कोळशाच्या इस्त्रीचा आकार काढला. खरं सांगतो, आकार सुरेख जमला होता. पुढे टोकदार, मागे मूठ, बुटाच्या बाजूवर अगदी फिट बसणारा.

मुलाने कागद पाहिला आणि काही बोलला नाही. मग बूट पिशवीत घालत म्हणाला, “इस्त्री नको, काका.”

तो गेल्यावर माझी चूक माझ्या लक्षात आली. स्टेपलने कबूतर स्वतः निवडलं होतं. या मुलाला शाळेत ज्या नावाने चिडवत असतील, तेच मी त्याच्या पायावर काढायला निघालो होतो आणि वर त्याला मान म्हणत होतो. गिऱ्हाईक मला सांगतं, तसंच मी त्याला सांगितलं. फरक इतकाच, की ते पैसे देतात.

महिन्याभराने तो पुन्हा आला. बरोबरची खूण त्याने स्वतःच काढली होती, काळ्या मार्करने. डाव्या बुटावरची बरी होती. उजव्यावरची शेपटी जाड झाली होती आणि मार्कर कापडात पसरला होता. “एवढी कड सारखी करून द्या,” म्हणाला. मी पांढरा रंग घेतला, बारीक ब्रश घेतला आणि कड सारखी करून दिली. हे मी कोर्टात सांगणार नाही, तुम्हाला सांगतोय. मग रबरी कडेवर ब्रश टेकवून विचारलं, तुझं नाव घालू का इथे? त्याने क्षणभर विचार केला.

“घाला,” म्हणाला, “पण आतल्या बाजूला.”