स्कीफ्रीमधला हिममानव सगळ्यांना खायचा, पण त्याच्यापासून सुटायचं बटण कीबोर्डवरच होतं

नव्वदच्या दशकात ज्यांनी विंडोजचा कॉम्प्युटर हाताळला, त्यांना या गेमचं नाव आठवेलच असं नाही. पण वर्णन केलं की लगेच आठवतो.

पांढरीशुभ्र स्क्रीन. मधोमध एक चिमुकला माणूस, पायात स्की. माऊस हलवला की गडी झाडं चुकवत खाली घसरत जायचा. मध्येच कुत्रं आडवं यायचं, एखादा नवशिक्या स्कीअर धडपडत समोर यायचा, डोक्यावरून लिफ्टच्या खुर्च्या जायच्या. सगळं मजेत चालू असताना अचानक एक करडा राक्षस दोन्ही हात वर करून धावत यायचा, माणसाला धरायचा आणि गिळून टाकायचा. खेळ खल्लास.

या गेमचं नाव स्कीफ्री. तो १९९१ साली मायक्रोसॉफ्टच्या 'विंडोज एंटरटेनमेंट पॅक ३' मध्ये आला. कित्येक वर्षं बहुतेकांचा समज असाच होता की हा हिममानव अटळ आहे, साधारण २००० मीटर खाली गेलं की मरायचंच. प्रत्यक्षात कीबोर्डवरचं 'एफ' बटण दाबलं की माणसाचा वेग वाढायचा आणि हिममानव मागे पडायचा. ही गोष्ट कित्येकांना कळली ती थेट २००९ मध्ये, रँडल मन्रो यांच्या 'एक्सकेसीडी' या वेबकॉमिकमधून. लहानपणी शेकडो वेळा खाल्ले गेलेले लोक तेव्हा तिशीत पोचले होते.

अर्थात सुटून तरी जायचं कुठे? खाली ना गाव होतं, ना शेवटची रेघ. बरंच अंतर घसरत गेलं की माणूस पुन्हा डोंगराच्या वरच्या टोकाला निघायचा.

आता महत्त्वाचा भाग. हा गेम मायक्रोसॉफ्टच्या नावाने आला असला तरी कंपनीच्या कुठल्या मोठ्या टीमने तो बनवला नव्हता. ख्रिस पिरिह नावाच्या एका प्रोग्रामरने तो घरच्या कॉम्प्युटरवर, शिकण्यासाठी आणि स्वतःच्या करमणुकीसाठी लिहिला होता. मायक्रोसॉफ्टमध्ये नोकरीला असताना ते एकदा ऑफिसात तो खेळत बसले होते. एंटरटेनमेंट पॅकच्या मॅनेजरची नजर पडली आणि गेम पॅकमध्ये गेला. पिरिह यांनीच सांगितल्याप्रमाणे त्यांना एकदाच किरकोळ रक्कम मिळाली, रॉयल्टी नाही. पुढे दुसरी आवृत्ती करायला घेतली तर मूळ कोडच सापडेना. तो हाती लागला तेव्हा २००५ साल उजाडलं होतं.

एकट्या माणसाने किंवा चार-दोन जणांनी, मोठ्या कंपनीच्या पैशाशिवाय बनवलेल्या अशा गेम्सना आज इंडी गेम्स म्हणतात. आणि या इंडीवाल्यांचा बर्फाच्या उताराशी काहीतरी जुना करार असावा. पिरिह यांच्यानंतर टोरंटोत, ब्रिस्बेनमध्ये, स्वीडनमध्ये, बर्लिनमध्ये छोट्या छोट्या टीम्स फिरून फिरून याच विषयावर आल्या. असं का?

पहिलं कारण म्हणजे गुरुत्वाकर्षण. बहुतेक गेम्समध्ये पुढे जायला बटण लागतं, मागे यायला लागतं, पळायला वेगळं, मारायला वेगळं. ज्याने आयुष्यात कधी कंट्रोलर हातात धरला नाही, तो तिथेच गांगरतो. उतारावर मात्र पुढे न्यायचं काम डोंगरच करतो. खेळणाऱ्याने फक्त वळायचं किंवा उडी मारायची. म्हणजे एक बोट पुरतं, आणि ते मोबाईलच्या स्क्रीनवर आधीच असतं. लोकलमध्ये एका हाताने वरची कडी धरून दुसऱ्या हातातल्या मोबाईलवर अंगठ्याने खेळता येईल, असे खेळ मुळात कमीच. त्यात हा बसतो.

दुसरं कारण पांढरा रंग. शहर दाखवायचं तर इमारती, रस्ते, माणसं, गाड्या सगळं चित्रकाराला काढावं लागतं. बर्फ दाखवायचा तर बराचसा कागद कोराच ठेवायचा. स्कीफ्रीमध्ये तर कोऱ्या स्क्रीनवर झाडं आणि दगड टाकले की डोंगर तयार. शिवाय पांढऱ्यावर गडद अडथळा लांबूनच दिसतो, त्यामुळे "मला दिसलंच नाही" अशी तक्रार करायला जागा राहत नाही. आपटलात तर चूक तुमचीच.

तिसरं कारण, उतार कॉम्प्युटरला स्वतःच बनवता येतो. एकेक लेव्हल हाताने रचण्याऐवजी नियम ठरवून द्यायचे की चढ किती, दरी किती रुंद, दोन दगडांमध्ये किमान किती अंतर. मग प्रोग्राम पुढचा रस्ता टाकत राहतो आणि डोंगर संपतच नाही. ज्यांच्याकडे माणसं कमी आहेत त्यांच्यासाठी ही फार मोठी सोय.

या तिन्ही गोष्टी नीट जमल्या तर काय होतं, हे दिसलं १९ फेब्रुवारी २०१५ ला. त्या दिवशी आयफोनवर 'आल्टोज अॅडव्हेंचर' आला.

हा टोरंटोच्या 'स्नोमॅन' नावाच्या छोट्या स्टुडिओचा गेम. रायन कॅश हे त्याचे संस्थापक. आधी या मंडळींनी कामांची आठवण करून देणारं 'चेकमार्क' नावाचं अॅप बनवलं होतं, म्हणजे गेमच्या धंद्यातले ते जुने मुरलेले खेळाडू नव्हते. चित्रं आणि बरंचसं प्रोग्रामिंग इंग्लंडमधल्या हॅरी नेस्बिट यांनी केलं. (काटेकोरपणे बोलायचं तर आल्टो स्की करत नाही, स्नोबोर्ड करतो. दोन पायांत दोन पट्ट्या म्हणजे स्की, दोन्ही पाय एकाच फळीवर म्हणजे स्नोबोर्ड. कोणी वाद घालायला आलं तर माहीत असावं.)

कथा एवढीच की डोंगरातल्या गावातून लामा पळालेत आणि मेंढपाळ पोरगा आल्टो त्यांना पकडायला निघालाय. स्क्रीनवर एकदा टॅप केलं की उडी. बोट दाबून धरलं की हवेत उलटी कोलांटी. नियंत्रण म्हणजे बस, एवढंच. कोलांटी नीट उतरली की वेग वाढतो आणि आल्टोच्या गळ्यातला स्कार्फ लांब होतो. आपण किती फॉर्मात आहोत हे त्या लांबीवरून कळतं. गावातली म्हातारी मंडळी चिडून मागे लागतात, तेव्हा हाच वेग कामी येतो.

लोकांच्या लक्षात राहिलं ते मात्र वेगळंच. खेळता खेळता संध्याकाळ होते, बर्फ जांभळा दिसायला लागतो, मग अंधार पडतो, पाऊस येतो, वीज चमकते आणि हळूहळू पहाट होते. त्यासाठी खेळणाऱ्याने काहीही करायचं नसतं. नंतरच्या एका अपडेटमध्ये 'झेन मोड' आला. त्यात स्कोअर नाही, नाणी नाहीत आणि 'गेम ओव्हर' सुद्धा नाही. पडलात तर उठायचं आणि पुढे निघायचं. स्कीफ्रीच्या हिममानवाने ज्यांना छळलं त्यांच्यासाठी हा जवळपास माफीनामाच म्हणायचा.

इथपर्यंत सगळं छान. पण अशा शांत गेमचे पैसे कोण देणार?

आयफोनवर आल्टोची किंमत सुरुवातीला १.९९ डॉलर होती. एकदा भरा आणि विसरा. अँड्रॉइडवर तो वर्षभराने, फेब्रुवारी २०१६ मध्ये आला, तेव्हा मात्र फुकट होता आणि त्यात जाहिराती होत्या. भारतात बहुतेकांच्या खिशात अँड्रॉइड फोन, त्यामुळे आपल्याकडच्या बऱ्याच लोकांनी आल्टो पाहिला तो हाच. डोंगर तोच, स्कार्फ तोच, फक्त आपटल्यावर मध्येच एखादी जाहिरात.

हा फरक का, याचा अंदाज दुसऱ्या एका गेमच्या आकड्यांवरून येतो. 'मोन्युमेंट व्हॅली' हाही छोट्या टीमचा, विकत घ्यायचा गेम. त्याच्या निर्मात्यांनी जानेवारी २०१५ मध्ये जाहीर केलं की अँड्रॉइडवर जितक्या वेळा त्यांचा गेम इन्स्टॉल झाला, त्यापैकी पैसे भरलेले फक्त ५ टक्के होते. आयफोन-आयपॅडवर हेच प्रमाण ४० टक्के. उरलेले सगळेच चोर असं नाही. एकाने एकदा विकत घेऊन दोन-तीन उपकरणांवर टाकला, तरी आकडा तसाच दिसतो. पण ५ टक्के पाहिल्यावर किंमत लावून अँड्रॉइडवर उतरायची हिंमत कोण करणार?

याचा परिणाम गेमच्या पोटात होतो, आणि खरी मेख इथेच आहे. एकदा पैसे घेतले की बनवणाऱ्याला तुम्हाला धरून ठेवायची गरज उरत नाही. दहा मिनिटं खेळा, फोन ठेवा, त्याचं काही बिघडत नाही. फुकट दिला की मात्र तुम्ही जितके जास्त वेळा आपटाल, जितके जास्त वेळ चिकटून राहाल, तितकी त्याची कमाई. मग रोज यायचं बक्षीस, "आज आला नाहीत" अशा नोटिफिकेशन, नाण्यांच्या थैल्या असं सगळं सुरू होतं. प्ले स्टोअरवर 'स्की' टाकून शोधलं तर हा प्रकार ढिगाने सापडेल. आल्टोच्या टीमने फुकटच्या आवृत्तीतही हे बरंच आवरतं ठेवलं, हे त्यांचं श्रेय.

सगळ्यांनाच तोल सांभाळता येत नाही. ब्रिस्बेनच्या 'डिफायंट डेव्हलपमेंट'ने २०१२ मध्ये 'स्की सफारी' आणला होता. हिमस्खलन मागे लागलंय आणि स्वेन नावाचा गडी वाटेत भेटेल त्या पेंग्विनवर किंवा यतीवर बसून पळतोय, असा धमाल गेम. पुढे या स्टुडिओने 'हँड ऑफ फेट' सारखे मोठे गेम केले. पण २०१९ मध्ये त्यांनी नवे गेम बनवणं थांबवलं. बाजार ज्या वेगाने बदलला त्या वेगाने आपल्याला बदलता आलं नाही, अशा अर्थाचं कारण त्यांनी दिलं.

त्याच २०१९ मध्ये स्वीडनचे तीन भाऊ उलट वाटेने गेले. त्यांच्या स्टुडिओचं नाव 'टोपलुवा', गेमचं नाव 'ग्रँड माउंटन अॅडव्हेंचर'. यात पळत सुटायचं नाही. वरून अख्खा डोंगर दिसतो आणि हवं तिकडे स्की करत जायचं. शर्यती आणि आव्हानं पार केली की स्की पास मिळतात, पासवर नवी लिफ्ट उघडते, लिफ्टने आणखी वर जायचं. सुरुवातीचा भाग फुकट खेळून बघा, आवडला तर एकदाच पैसे भरून बाकीचं उघडा, असा हिशोब. दुकानदाराने द्राक्षाचा एक मणी चाखायला द्यावा तसं. मोबाईलवर हे चालतं का, अशी शंका घेणारे होतेच. पण भावांनी नंतर या गेमचा दुसरा भागही काढला.

कॉम्प्युटर किंवा एक्सबॉक्स असेल तर बर्लिनच्या 'मेगागॉन इंडस्ट्रीज'चा 'लोनली माउंटन्स: स्नो रायडर्स' बघण्यासारखा आहे. जानेवारी २०२५ मध्ये आलेला. या टीमचा आधीचा गेम डोंगरावरून सायकल उतरवण्याचा होता, त्यात सायकल काढून स्की बसवल्या. दिसायला गोंडस, पण सोपा समजू नका. एक वळण चुकलं की माणूस झाडावर. मात्र पडल्यावर मागच्या चेकपॉइंटवरून क्षणात पुन्हा सुरू होतो, त्यामुळे चिडायला सवड मिळत नाही. ऑनलाइन आठ जण एकत्र उतरू शकतात. मित्रांचा ग्रुप असेल तर रात्र कशी गेली कळणार नाही.

ज्याला फक्त झोपायच्या आधी डोकं शांत करायचंय त्याने आल्टोचा झेन मोड लावावा, शक्यतो हेडफोन घालून. 'ग्रँड माउंटन अॅडव्हेंचर' मोठ्या स्क्रीनवर, म्हणजे टॅबवर, जास्त खुलतो.

आणि हिममानवाशी जुना हिशोब बाकी असेल तर तेही शक्य आहे. आजच्या ६४-बिट विंडोजवर मूळ स्कीफ्री चालत नाही, कारण तो १६-बिटच्या जमान्यातला. पण पिरिह यांना २००५ मध्ये कोड सापडला तेव्हा त्यांनी त्याची ३२-बिट आवृत्ती तयार करून आपल्या वेबपेजवर फुकट ठेवली, आणि ती चालते. करडा ठिपका दिसला की एफ.