बांडगूळ आणि सीतेची वेणी

कोकणात व घाटमाथ्यावर आंब्याच्या जुन्या झाडांवरील बांडगूळ काढण्याचे काम निघाले, म्हणजे त्याच कोयत्याखाली आणखी एक वनस्पती सापडते. तिचा अपराध एवढाच की, तीही फांदीवर वाढते. सीतेची वेणी या नावाने ओळखले जाणारे हे ऑर्किड झाडाचा रस शोषीत नाही. केवळ सालीचा आधार घेते. आसाम व अरुणाचल प्रदेश या दोन्ही राज्यांनी याच फुलास राज्यपुष्पाचा मान दिला आहे. आसामात त्यास कोपौ फूल म्हणतात व बिहू नृत्याच्या वेळी स्त्रिया ते केसांत माळतात. आपल्याकडे मात्र ते पाल्याच्या ढिगात जाते.

दोहोंतील भेद ओळखणे कठीण नाही. बांडगुळाची मुळे सालीत शिरून आतील लाकडाशी एकजीव होतात. त्या जागी फांदीला गाठीसारखी सूज येते आणि सुजेच्या पुढील भाग हळूहळू वाळू लागतो. त्याच्या चिकट बिया पक्ष्यांमार्फत फांदीफांदीवर पसरतात. म्हणून बांडगूळ नुसते ओरबाडून भागत नाही. गाठीच्या खालून फांदीच कापावी लागते. सीतेच्या वेणीची पाने लांब, जाड व पन्हळीसारखी असून एकाच खोडावर समोरासमोर दोन रांगांत येतात. तिची पांढुरकी, सुतळीएवढी जाड मुळे सालीवरून पसरतात व काही हवेत लोंबकळतात. मूळ हाताने उचलून पाहावे. खालील साल अखंड दिसली, तर कोयता बाजूला ठेवावा. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी हा भेद मजुरांना झाडाखाली उभे राहूनच दाखवावा. तोंडी सांगण्याचा उपयोग थोडा होतो.

एक झुबका तोडला तर दुसरा उगवेल, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु ऑर्किडचे बी धुळीसारखे सूक्ष्म असते. एका बोंडात ते लाखोंनी असले, तरी त्यात रोपाला पुरेल असा अन्नसाठा नसतो. विशिष्ट बुरशीची साथ मिळाली तरच ते निसर्गात रुजते. १९२२ मध्ये अमेरिकेतील लुईस नड्सन यांनी साखरयुक्त माध्यमावर, बुरशीवाचून, हे बी रुजवून दाखविले व रोपवाटिकांचा मार्ग मोकळा झाला. तरीही बियापासून फूल येईपर्यंत कित्येक वर्षे जातात.

वादळात मोडून पडलेल्या फांदीवर किंवा छाटणीत आपल्याच बागेत असे ऑर्किड मिळाले, तर ते घराजवळ सहज जगविता येते. मृगाच्या पावसाबरोबर ते आंबा किंवा फणसाच्या खडबडीत खोडावर, पूर्वेच्या बाजूस, काथ्याने अथवा कापडाच्या पट्टीने बांधावे. पेरू वा निलगिरीची साल सुटून पडते, म्हणून ती झाडे टाळावीत. पावसाळाभर नवी मुळे सालीस धरतात. त्यानंतर बांधणी सोडावी. झाड नसल्यास लाकडी पट्ट्यांच्या टोपलीत कोळसा, विटांचे तुकडे व नारळाच्या सोडणाचे तुकडे घालून त्यात रोप ठेवावे. सोडण आधी काही दिवस पाण्यात भिजवून, ते पाणी दोन-तीनदा बदलावे. माती मुळीच घालू नये. हौसेने मातीच्या कुंडीत लावलेली बहुतेक रोपे मुळे गुदमरून, कुजून मरतात, आणि दोष मात्र हवेला दिला जातो.

पाणी केव्हा द्यावे, हे मूळच सांगते. मुळावर स्पंजासारखे आवरण असते. ते कोरडे असताना पांढरे दिसते व भिजले की हिरवट होते. पांढरे दिसताच सकाळी पाणी शिंपावे. शक्य तेथे पावसाचे साठविलेले पाणी वापरावे. वाढीच्या दिवसांत पंधरवड्यातून एकदा १९:१९:१९ हे विद्राव्य खत लिटरला १ ग्रॅम या प्रमाणात फवारावे. सीतेच्या वेणीस वाढीचा शेंडा एकच असतो. त्यात पाणी साचून तो कुजला, तर रोप बहुधा हातचे जाते. यासाठी रोप किंचित कलते बांधावे. शंखी व गोगलगाई रात्री मुळांची कोवळी टोके खातात. जवळ ओले गोणपाट टाकून ठेवल्यास त्या त्याखाली जमतात. सकाळी वेचून नष्ट कराव्यात.

वैशाख-ज्येष्ठात जांभळट ठिपक्यांच्या पांढऱ्या फुलांचा वीतभर किंवा त्याहून लांब घोस खाली लोंबू लागतो. सह्याद्रीतील काही डेंड्रोबियम जातींची रीत निराळी आहे. पावसाळा सरला की त्यांची पाने गळतात आणि उघड्या कांड्या तेवढ्या उरतात. रोप मेले असे समजून ते फेकू नये, आणि कीव येऊन पाणीही वाढवू नये. त्या कांड्यांवरच पुढे फुले येतात.

घाटरस्त्यांवर जंगलातून उपटलेली रोपे विकावयास येतात, ती घेऊ नयेत. त्यांची मुळे तुटलेली असतात व फार थोडी जगतात. अभयारण्यातून परवानगीवाचून वनस्पती काढणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हाही आहे. ज्यांना हौस आहे, त्यांनी रोपवाटिकेत वाढविलेली संकरित डेंड्रोबियमची रोपे घ्यावीत. कोकणची दमट हवा त्यांना मानवते, आणि कापलेली फुले पाण्यात बरेच दिवस टिकतात. परंतु विक्रीसाठी सावलीच्या जाळीखाली लागवड करावयाची असेल, तर आधी फुलांचा ग्राहक शोधावा व मग जाळीचा खर्च करावा.