घरच्या खाटेचा खर्च कोणाच्या खात्यात?

वेंगुर्ले तालुक्यातल्या एखाद्या वाडीवरचा पक्षाघाताचा रुग्ण बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजातून किंवा ओरोसच्या सरकारी रुग्णालयातून घरी परततो, तेव्हा सरकारी योजनेच्या लेखी त्याचा आजार जवळपास संपलेला असतो. घरच्यांसाठी मात्र तो तिथून सुरू होतो. दर दोन तासांनी कूस बदलायची, माकडहाडाजवळची आणि टाचेची कातडी लाल पडते का ते रोज बघायचे, लघवीची नळी तुंबली तर ती बदलणारा माणूस शोधायचा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना २०१२ मध्ये राजीव गांधींच्या नावाने सुरू झाली. आज आयुष्मान भारतच्या जोडीने तिचे संरक्षण कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत पोचले आहे. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीपुढच्या प्रत्येकाला, उत्पन्न काहीही असो, आयुष्मान कार्ड मिळते. ही मोठी गोष्ट आहे. पण कार्ड चालते ते रुग्णालयात दाखल झाल्यावर. घरी सोडल्यानंतरचे पंधरा दिवस आयुष्मानच्या पॅकेजमध्ये धरलेले आहेत. सोळाव्या दिवसापासूनचा भार त्या घराने एकट्याने उचलायचा. नळी बदलायला म्हाताऱ्याला उचलून पाणंदीतून रिक्षापर्यंत न्यायचे, तर दोन माणसांचा रोज बुडतो आणि रिक्षाचे भाडे वेगळे.

हे ओझे वेंगुर्ल्याच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात जास्त जाणवते. २००१ ते २०११ या दहा वर्षांत राज्याची लोकसंख्या वाढली, या जिल्ह्याची मात्र ८ लाख ६८ हजारांवरून ८ लाख ४९ हजारांवर आली. २०११ च्या जनगणनेत इथे हजार पुरुषांमागे १०३६ स्त्रिया होत्या. कर्ती माणसे मुंबईला आणि घरात म्हातारी माणसे, हे कोकणचे जुने चित्र या आकड्यांतही दिसते. ‘मुलांनी आईबापांना बघायला नको का?’ हा आक्षेप इथे लागू पडत नाही, कारण मुलगे बघतात. पैसे पाठवतात, गणपतीला येतात, दुखणे वाढले की रजा काढून धावतात. पण चाकरमान्याची रजा आठ-दहा दिवसांत संपते आणि अंथरुणाला खिळलेले माणूस वर्षानुवर्षे तसेच असते. मागे राहते ती सून, नाहीतर साठी ओलांडलेली बायको. तिच्या श्रमांवर आपली आरोग्यव्यवस्था उभी आहे आणि त्यांची नोंद कुठेच नाही. जपानमध्येही कुटुंबाची माया कमी नव्हती, तरी तिथे एप्रिल २००० पासून चाळिशीपुढच्या सर्वांच्या वर्गणीतून दीर्घकालीन शुश्रूषेचा विमा चालतो आणि घरी येणाऱ्या परिचारिकेचा बहुतेक खर्च त्यातून भागतो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. रुग्णालयात कागद असतात, तपासणी असते. घरात काय सेवा दिली हे मोजायचे कसे, आणि खोटी बिले निघाली तर? पण खोटेपणा रुग्णालयाच्या भिंतींनी अडत नाही. आयुष्मान योजनेवरच्या २०२३ च्या ‘कॅग’ अहवालात एकाच मोबाइल क्रमांकाशी जोडलेले सुमारे साडेसात लाख लाभार्थी सापडले होते. आणि घरची सेवा मोजता येते, हे महाराष्ट्रानेच जगाला दाखवले आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने गावातल्याच बायकांना शिकवून नवजात बाळांची घरोघरी काळजी सुरू केली. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या निष्कर्षांनुसार ३९ गावांत नवजात मृत्यूंचे प्रमाण तिसऱ्या वर्षी ६२ टक्क्यांनी घटले. २०११ पासून हाच नमुना देशभर लागू झाला: रुग्णालयात बाळंतपण झालेल्या घरी आशाताईने तिसऱ्या दिवसापासून बेचाळिसाव्या दिवसापर्यंत सहा भेटी द्यायच्या, वजन-ताप नोंदवायचा आणि त्याचे २५० रुपये घ्यायचे. भेट ठरलेली, तिच्यातले काम ठरलेले, मोबदलाही ठरलेला. बाळासाठी जे जमले ते आजोबांसाठी जमणार नाही, असे म्हणायला आधार नाही.

केरळने ते करूनही दाखवले. कोळिकोडमध्ये १९९३ साली स्थापन झालेल्या वेदनाशामक उपचारांच्या संस्थेतून तिथली चळवळ वाढली, २००८ मध्ये राज्याने धोरण केले आणि पंचायतींच्या निधीतून परिचारिका घरोघरी जाऊ लागल्या. आपल्याकडेही आयुष्मान आरोग्य मंदिराच्या बारा सेवांत ज्येष्ठांची आणि अखेरच्या आजारातली शुश्रूषा लिहिलेली आहे. लिहिलेल्या सेवेला गाडी, सामान आणि माणसाचा वेळ मिळायला हवा. हे काम आशाताईंच्या डोक्यावर आणखी एक ओझे म्हणून टाकणे मला मान्य नाही. लसीकरणापासून सर्वेक्षणापर्यंत त्यांच्याकडे आधीच पुष्कळ आहे. त्यांनी रुग्ण शोधावा, खबर द्यावी आणि त्याचा वेगळा मोबदला घ्यावा. जखम धुणे, नळी बदलणे ही प्रशिक्षित परिचारिकेची कामे आहेत. मुख्यमंत्री वयोश्री योजनेत पासष्टीपुढच्या पात्र ज्येष्ठांना साधनांसाठी एकदा ३००० रुपये मिळतात. त्यातून चाकाची खुर्ची येईल, पण ती ढकलायला आणि जखम बघायला माणूस लागतो.

पैशांचा प्रश्न उरतो, आणि तो टाळू नये. प्रत्येक घरभेटीला खर्च येणारच. पण पाठीची जखम हाडापर्यंत गेली आणि त्यातून रक्तात जंतू पसरले की तोच रुग्ण पुन्हा दाखल होतो, आणि ते बिल त्याच योजनेतून फेडले जाते. लाल झालेली कातडी वेळीच बघायला एक परिचारिका आणि एक दुचाकी पुरते. जन आरोग्य योजनेच्या उपचारयादीत घरभेटीला स्वतंत्र दर लावावा, भेटीची नोंद आरोग्य मंदिरात व्हावी आणि ग्रामसभेने ती तपासावी. सुरुवात वेंगुर्ल्यासारख्या एका तालुक्यापासून करता येईल. इथे समुद्राकाठचे उभादांडा, शिरोडा आहेत आणि आत डोंगराकडचे तुळस, वेतोरेही, त्यामुळे अंतराचा खरा खर्चही कळेल.