एक घर, तीन इयत्ता

घरीच शिकणारी मुलं पाच, नऊ आणि तेरा वर्षांची असली की पहिला मोह होतो तो प्रत्येकाचं वेगळं वेळापत्रक आखण्याचा. ते आठवडाभरही टिकत नाही. जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळांत ही अडचण जुनीच आहे. तिथे एका इयत्तेला लेखी काम देऊन गुरुजी दुसरीकडे वळतात. घरातही तेच करावं.

गणित आणि वाचन मात्र ज्याचं त्याला. तिथे एक पायरी सुटली की पुढचं सगळं डळमळतं. धाकट्याला आधी घ्यावं. त्याला एकट्याने काम जमत नाही, आणि वीस मिनिटांत तो खेळायला मोकळा होतो. इतिहास, भूगोल, विज्ञान खुशाल एकत्र शिकवावं. रायगडाचा विषय निघाला तर धाकटा मातीचा किल्ला करील, मधला नकाशा काढील आणि थोरली 1674च्या राज्याभिषेकामागचं राजकारण वाचील. फक्त थोरलीला भावंडांची बिनपगारी शिक्षिका करू नये. अधूनमधून समजावून सांगितल्याने तिचंही पक्कं होतं. पण रोजचं झालं की तिचाच अभ्यास बुडतो.

राहिली परीक्षा. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून, म्हणजे एनआयओएसमधून, दहावी करता येते. त्यासाठी किमान वय 14 लागतं, आणि पाच वर्षांत नऊ संधी मिळतात. दहावीसाठी मराठी माध्यमही आहे. तेव्हा थोरलीच्या प्रवेशाची चौकशी आतापासूनच करून ठेवा.