लाल चौकटीतली गोळी

प्रतापनगरातील औषध दुकानाच्या काउंटरपाशी संध्याकाळी घटकाभर थांबले, तर नेहमीचे एक दृश्य दिसते. ओळखीचे गिऱ्हाईक रिकाम्या पट्टीचा तुकडा पुढे करते आणि म्हणते, “हीच द्या.” डॉक्टरांची चिठ्ठी सहा महिन्यांपूर्वीची, तीही घरी राहिलेली. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर आईंसाठी सुरू झालेली ट्रॅमाडॉलची गोळी एव्हाना ‘आमची नेहमीची’ झालेली असते. नकार द्यावा तर जुना संबंध दुखावतो. द्यावी तर नोंदवहीत काय लिहावे?

ट्रॅमाडॉल, टॅपेंटॅडॉल, कोडीन, मॉर्फीन ही सारी अफूच्या कुळातील वेदनाशामके. काही थेट अफूपासून, काही प्रयोगशाळेत घडवलेली. ती ठणका शमवतात, पण मात्रा वाढली की श्वासही मंदावतात. झोपेची गोळी वा मद्य सोबत गेले, तर हा धोका अधिकच. ट्रॅमाडॉलने झटकेही येऊ शकतात. काही आठवडे सलग घेतल्यावर शरीर तिची मागणी करू लागते आणि अचानक थांबवल्यास घाम, अस्वस्थता, निद्रानाश सुरू होतो. घरची माणसे ‘दुखणे उलटले’ असे समजून पुन्हा पट्टी आणतात. सप्तव्यसनांपासून कटाक्षाने दूर राहणाऱ्या कुटुंबालाही आपल्या घरात काय शिरले आहे, याची शंका येत नाही. कारण ते डॉक्टरांच्या चिठ्ठीवरून आलेले असते.

१ मार्च २०१४ पासून ट्रॅमाडॉल व कोडीन ‘एच-१’ अनुसूचीत आहेत. वेष्टनावर लाल चौकट, आणि विक्रीच्या वेळी डॉक्टर, रुग्ण, औषध व मात्रा यांची स्वतंत्र वहीत नोंद. ती वही तीन वर्षे जपायची. एप्रिल २०१८ मध्ये ट्रॅमाडॉल १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याखालीही आले. या कायद्यातील हिशेब औषधाच्या धंद्यातील घरांनी नीट समजून घ्यावा असा आहे. ट्रॅमाडॉलचे ‘व्यावसायिक प्रमाण’ २५० ग्रॅम. एप्रिल २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हीरा सिंग प्रकरणात ठरवले, की मिश्रणातील निरुपद्रवी घटकांचे वजनही धरायचे. म्हणजे ३७.५ मिलिग्रॅम ट्रॅमाडॉल आणि ३२५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असलेल्या गोळ्या सातशेच्या आतच ही मर्यादा गाठतात. एवढा माल परवान्याबाहेर सापडला, तर किमान दहा वर्षे सक्तमजुरी. बिलाविना उचललेले दोन-चार खोके किती महाग पडू शकतात, हे यावरून कळावे.

आपल्या राज्यातलेच ताजे उदाहरण पालघरचे. टॅपेंटॅडॉल व स्नायू शिथिल करणारे कॅरिसोप्रोडॉल यांच्या एकत्रित गोळ्या तेथून पश्चिम आफ्रिकेत जात आणि घाना, नायजेरियाच्या रस्त्यांवर नशेसाठी विकल्या जात, हे बीबीसीने फेब्रुवारी २०२५ मध्ये उघड केले. त्यानंतर घातलेल्या छाप्यात सुमारे १.३ कोटी गोळ्या व कॅप्सूल जप्त झाल्या आणि या मिश्रणाच्या निर्यातीची परवानगी काढून घेण्यात आली. एका गोळीवरचा नफा क्षुल्लक. पण कोटींनी गुणला, की कोणाच्या मुलाचे काय होते याचा विसर पडतो.

तथापि धाक अवाजवी झाला तर हाल रुग्णाचेच होतात. १९८५ च्या कायद्यातील परवान्यांच्या जंजाळामुळे देशातील मॉर्फीनचा वैद्यकीय वापर पाचशे किलोंहून अधिक होता, तो १९९७ पर्यंत अवघ्या अठरा किलोंवर आला. कर्करुग्ण तळमळत राहिले. डॉ. एम. आर. राजगोपाल यांच्यासारख्यांनी वर्षानुवर्षे पाठपुरावा केल्यावर २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि मान्यताप्राप्त संस्थांना एकाच परवान्यावर हे औषध ठेवता येऊ लागले. उपचारांसाठी नागपूर गाठणाऱ्या विदर्भातील कर्करुग्णांसाठी ही सोय लहान नाही. अशा रुग्णाला डॉक्टरांनी मॉर्फीन सांगितले, तर ‘सवय लागेल’ म्हणून नातलगांनी ते लपवून ठेवणे हाही त्याच्यावर अन्यायच.

शस्त्रक्रियेनंतर उरलेल्या गोळ्यांचे मात्र वेगळे. त्या घरातल्या डब्यात पडून राहतात आणि शेजारच्या काकूंच्या कंबरदुखीला दिल्या जातात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ मध्ये कोडीन व ट्रॅमाडॉल १२ वर्षांखालील मुलांना देऊ नये असे बजावले. आपल्याकडे खोकल्याच्या जुन्या बाटलीत कोडीन आहे की नाही, हे लेबल वाचल्याशिवाय कळत नाही. बहुतेक घरांत तो डबा नातवंडांच्या हाती लागेल एवढ्याच उंचीवर असतो.