घरबसल्या द्यूत आणि त्याचा हिशेब

पत्त्यांशीं आमच्या घरांचें वैर कधींच नव्हतें. दिवाळीच्या रात्रीं मेंढीकोट, पावसाळ्यांत मुलांबरोबर झब्बू किंवा बदामसात, हें सारें वडीलधाऱ्यांच्या देखत चालत आलें आहे. सावंतवाडीच्या कारागिरांनीं तर गंजिफांवर दशावतार रंगविले. वाद पत्त्यांचा नाहीं, पणाचा आहे. आणि हा पण अलीकडे भ्रमणध्वनींतून माजघरांत येऊन बसला. नाशिकसारख्या विद्यार्थ्यांनीं गजबजलेल्या शहरीं गणितांत हुशार असलेल्या मुलांस त्यांतला जो खेळ विशेष भुरळ घालतो, तो पोकर. तेव्हां त्याची नुसती निंदा न करितां त्याचा हिशेब वाचकांपुढें मांडावा, असें आम्हांस वाटतें.

या खेळाच्या एका स्पर्धेस ‘सिट अँड गो’ म्हणतात. तिला ठरलेली वेळ नसते. ठरलेले भिडू, बहुधा सहा किंवा नऊ, जमले कीं डाव सुरू. प्रत्येकानें सारखें प्रवेशमूल्य भरावयाचें आणि सारख्याच चिप्स, म्हणजे खोटीं नाणीं, घ्यावयाचीं. सक्तीची बोली ठराविक मिनिटांनीं वाढत जाते, म्हणून कोणासही पत्ते टाकून स्वस्थ बसतां येत नाहीं. चिप्स संपल्या तो उठला. नऊ जणांच्या बैठकींत शेवटच्या तिघांस बक्षीस मिळतें. त्याची वांटणी बहुधा 50, 30 आणि 20 टक्के अशी असते.

आतां समजा, प्रवेशमूल्य 100 रुपये आणि चालकाचें शुल्क वेगळें 10 रुपये आहे. नऊ जणांचे 900 जमले; बक्षिसें 450, 270 आणि 180. सर्व भिडू सारख्या तोडीचे असले तर प्रत्येकाच्या वांट्यास सरासरीनें 100 येणार, पण खर्च तर 110 झाला. असे शंभर डाव खेळणारा 1,000 रुपये गमावतो. म्हणजे नुसतें बरोबरींत राहावयाचें तरी इतरांहून शेंकडा दहानें सरस असावें लागतें. म्हणून जाणते खेळाडू बैठक निवडतांना आधीं शुल्काचें प्रमाण पाहतात. मग बोली किती वेगानें वाढते तें पाहतात, कारण वेग वाढला कीं विचारास वाव कमी आणि दैवास अधिक.

दुसरें गणित अधिक सूक्ष्म आहे. पहिल्याच हातीं कोणी सर्व चिप्स पणास लावून दुप्पट केल्या, तर त्याच्या आशेची किंमत 100 ची 200 होत नाहीं. चिप्सच्या प्रमाणांत पहिल्या क्रमांकाची शक्यता धरून हिशेब केला, तर ती सुमारें 182 भरते. कारण सगळ्या चिप्स जिंकणाऱ्यासही अखेर निम्मेंच बक्षीस मिळावयाचें असतें. म्हणजे 82 मिळविण्यासाठीं 100 धोक्यांत घालावयाचे! निम्म्याहून बरीच अधिक, शेंकडा 55 इतकी खात्री असल्याखेरीज तो पण तोट्याचा. हें जाणणारा खेळाडू आरंभीं संयम राखतो. कौशल्य आहे, यांत संशय नाहीं.

परंतु खरा सांपळा याच्याही पुढें आहे. सामान्य भिडूस तिनांतून एकदां बक्षीस मिळतें. तेव्हां केवळ योगायोगानें सलग तीन डावांत बक्षीस मिळविणारा सत्तावीस जणांत एक निघतोच. तो त्यास आपलें कौशल्य समजतो आणि पुढें मोठ्या बैठकीस बसतो.

आपल्या पूर्वजांनीं हें ओळखलें होतें. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलांतील अक्षसूक्तांत जुगाऱ्याच्या घराची दैना आहे. मनूनें राजास द्यूत बंद करावयास सांगितलें; कौटिल्यानें मात्र तें अध्यक्षाच्या देखरेखीखालीं ठेवून जिंकलेल्या रकमेंतून शेंकडा पांच घेण्याची व्यवस्था दिली. आमच्या उदाहरणांतील चालक शंभरास दहा घेतो, आणि तेही हरणाऱ्याकडूनसुद्धां! नलाख्यानांत ऋतुपर्ण राजा नलास अक्षहृदय शिकवितो, तें मोजण्याचें शास्त्रच होय. तें शिकल्यावर नल एकदांच खेळला, राज्य परत मिळविलें आणि थांबला. हें थांबणें कोणताही चालक शिकवीत नाहीं.

कायद्यानेंही हीच दोन मतें पाहिलीं. मुंबई इलाख्याच्या 1887 च्या जुगारबंदी कायद्यानें निव्वळ कौशल्याचे खेळ वगळले. 1967 सालीं सर्वोच्च न्यायालयानें रमीस कौशल्यप्रधान म्हटलें. तर गुजरातच्या उच्च न्यायालयानें 2017 सालीं पोकरास तें अभय नाकारलें. 1 ऑक्टोबर 2023 पासून खेळासाठीं भरलेल्या रकमेवर शेंकडा 28 कर बसला, तरीही खेळ चालूच राहिला. 2025 च्या जुलैंत तर आमच्याच जिल्ह्यांतील एक मंत्री सभागृहांत भ्रमणध्वनीवर रमी खेळत असल्याची चित्रफीत गाजली. त्यांनीं आरोप नाकारला, पण त्यांचें खातें बदललें. पुढल्याच महिन्यांत संसदेनें कायदा संमत केला, आणि 22 ऑगस्ट 2025 रोजीं त्यास राष्ट्रपतींची संमति मिळाली. कौशल्य असो वा दैव, पैसे लावून खेळावयाचा प्रत्येक ऑनलाइन खेळ त्यानें निषिद्ध ठरविला. चालकास तीन वर्षांपर्यंत कारावास आणि एक कोटीपर्यंत दंड. खेळणाऱ्यास मात्र शिक्षा नाहीं. मोठ्या कंपन्यांनीं लागलीच पैशांचे डाव बंद केले.

तथापि कायद्यानें दुकान मिटलें तरी मनांतली खाज मिटत नाहीं. परदेशांतून चालणारीं चोरटीं ठिकाणें आहेतच. तेथें पैसे बुडाले तर दाद कोणाकडे मागणार? घरांतील मुलगा रात्रीं जागूं लागला, उसनवारी करूं लागला, बँकेचा हिशेब लपवूं लागला, तर गृहस्थांनीं चारचौघांत त्यास फैलावर घेऊं नये. त्यास जवळ बसवून वरचा ताळा कागदावर त्याच्याच हातून करवावा आणि देणें किती झालें तें शांतपणें विचारावें. लाजेपोटीं लपविलेलें कर्जच वाढतें.

आणि त्यास खेळाचीच गोडी असेल तर ती मारूं नये. एकत्र कुटुंबांत नऊ भिडू सहज मिळतात. प्रत्येकास पन्नास चिंचोके द्यावे, आजोबांस बोलीचें घड्याळ द्यावें आणि बैठक भरली कीं डाव मांडावा. संयम, शक्यतेचें गणित, समोरच्याची पारख, हे सर्व गुण चिंचोक्यांवरही तितकेच कसास लागतात. आणि हरलेले चिंचोके रात्रीं पुन्हां एकाच डब्यांत जातात.