उजळाईवाडी ते न्यूयॉर्क : आकडे बघून डोळे फिरतील!

कोल्हापूरच्या उजळाईवाडीहून विमान उठलं की तासाभरात मुंबई. १९३९ साली, राजाराम महाराजांच्या काळात सुरू झालेला हा विमानतळ. पण ज्यांची लेक-जावई, मुलगा-सून अमेरिकेत आहेत, त्यांचा खरा पल्ला मुंबईनंतर सुरू होतो. घ्या कागद-पेन्सिल!

मुंबई ते न्यूयॉर्क, पृथ्वीच्या गोलावरून जवळात जवळची वाट धरली तरी सुमारे १२,५०० किलोमीटर. मुंबई-पुणे १५० किलोमीटर धरा. म्हणजे ८३ वेळा मुंबई-पुणे! अख्ख्या पृथ्वीचा घेर ४०,००० किलोमीटर. त्याचा जवळजवळ तिसरा हिस्सा एका दमात, एकाच खुर्चीत बसून.

आपली महालक्ष्मी एक्स्प्रेस कोल्हापूरहून मिरज, सातारा, पुणे करत मुंबईपर्यंत ५१८ किलोमीटर तोडते. रात्रभराचे साधारण अकरा तास. याच चालीनं न्यूयॉर्कपर्यंत रूळ टाकले असते, तर सलग अकरा दिवस आणि अकरा रात्री गाडीतच! विमान हे काम सोळा तासांत उरकतं. ऐन उंचीवर वेग ताशी ९०० किलोमीटरपर्यंत. मिनिटाला १५ किलोमीटर. कोल्हापूर ते पन्हाळा ८० सेकंद! तेही ३५,००० फुटांवरून, एकावर एक साडेसहा कळसूबाई रचल्या तर जेवढी उंची होईल तेवढ्यावर.

आणि या धुडाचं वजन? बोइंग ७७७-३००ईआर उडताना साडेतीनशे टनांपर्यंत भरतं. एका ट्रॅक्टरमागच्या दोन ट्रॉल्यांत २० टन ऊस धरला, तर असे सतरा ट्रॅक्टर एकदम आभाळात! नाद खुळा!

आता इंधन. टाकी १,८१,००० लिटरची. म्हणजे १० हजार लिटरचे १८ दूध टँकर. सोळा फूट व्यासाच्या विहिरीत ओतलं, तर ३० फुटांच्या वर चढेल. लिटरला ९० रुपये धरले, तर टाकी फुल करायला एक कोटी त्रेसष्ट लाख! तेवढं पेट्रोल लिटरला ५० देणाऱ्या मोटरसायकलला मिळालं, तर ती ९० लाख किलोमीटर पळेल. चंद्र ३,८४,००० किलोमीटरवर. चंद्रावर जाऊन परत, अशा अकरा फेऱ्या करूनही पेट्रोल उरेल!

एवढी उधळपट्टी? थांबा, एक भागाकार राहिलाय. विमानात माणसं साधारण ३४०. टाकी पार कोरडी झाली असं धरलं तरी माणशी ५३२ लिटर, आणि अंतर १२,५०० किलोमीटर. म्हणजे दर माणसामागे लिटरला २३ किलोमीटरचं ॲव्हरेज!

एकट्यानं चारचाकी काढून पुण्याला जाता ना? तुमच्या गाडीचं ॲव्हरेज आज काढूनच बघा.